आधी गणित, मग तार

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जसे जंगलाचे जिल्हे आहेत, तसेच ते तलावांचेही जिल्हे आहेत. शेजारच्या भंडारा-गोंदियासह या भागात जुन्या काळी बांधलेले हजारो तलाव आहेत. त्यांना आपण ‘मामा तलाव’ म्हणतो, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. पावसाळ्यात त्यांत रोहू, कतला, मृगळ यांची मत्स्यबोटुकली सोडली जाते. मासे वाढले की चोरीची भीती निर्माण होते. मग पाळीवर बांबू, तट्टे आणि गवताची एक झोपडी उभी राहते आणि ढिवर बांधव तेथे रात्रीची जागल करतात. पाळीखालच्या बांधीत धान असते. तेथे रानडुकरांच्या भीतीने शेतकरी मचाणावर जागत असतो.

या झोपडीत आणि या मचाणावर वीज कशी न्यावी, हा प्रश्न वरवर पाहता अगदी लहान आहे. परंतु माझे मत असे आहे की, आपल्या भागातील शाळांत विजेचा धडा शिकवायचा तर तो याच प्रश्नापासून सुरू व्हावा. कारण याचे चुकीचे उत्तर दरवर्षी जीव घेते, आणि बरोबर उत्तर काढायला नववी-दहावीचे गणित पुरते.

चुकीचे उत्तर सर्वांना ठाऊक आहे. जवळून जाणाऱ्या तारेवर आकडा टाकायचा! लोक म्हणतात, “चंद्रपूरचे वीज केंद्र २९२० मेगावॅटचे. आमच्या एका दिव्याने त्याचे काय बिघडणार?” हिशेब केला तर खरेच काही बिघडत नाही. १० वॅटचे २९ कोटी २० लाख दिवे त्या क्षमतेवर पेटू शकतील. वीजचोरी हा कायद्याने गुन्हा आहेच, पण माझा मुख्य आक्षेप तो नाही. माझा आक्षेप असा की, एवढ्याशा कामासाठी आपण २३० व्होल्टचा वाघ झोपडीत आणून बांधतो.

झोपडीला वीज लागते तरी किती? वही काढा आणि माझ्याबरोबर मांडा. ५ वॅटचे दोन एलईडी दिवे सहा तास लावले, तर ६० वॅट-तास. दोन मोबाइल फोन भरायला सुमारे ३० आणि एका बॅटरीला, म्हणजे हातातल्या टॉर्चला, १०. एकूण १०० वॅट-तास झाले. म्हणजे एका युनिटचा फक्त दहावा भाग! पूर्वीचा तारेचा ६० वॅटचा एकच दिवा सहा तास लावला असता, तर ३६० वॅट-तास लागले असते. एलईडीमुळे हा प्रश्न इतका सोपा झाला आहे.

आता १०० ला १२ व्होल्टने भागा. सुमारे ८ अँपिअर-तास येतात. पावसाळी झडीत तीन दिवस ऊन पडले नाही असे धरू, म्हणजे २५ अँपिअर-तास हवेत. शिसे-आम्लाची बॅटरी अर्ध्याच्या खाली उतरवली तर लवकर खराब होते. म्हणून ५० अँपिअर-तासांची बॅटरी घ्यावी. सौर पॅनेल किती मोठे हवे? पावसाळ्यातील ऊन पूर्ण उन्हाच्या तीन तासांइतके धरले, तर १०० भागिले ३, म्हणजे सुमारे ३३ वॅट. धूळ, उष्णता आणि भरण्यातील नुकसान जमेस धरून ५० वॅटचे घ्यावे. पॅनेल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्ज कंट्रोलर बसवावा, म्हणजे बॅटरी प्रमाणाबाहेर भरत नाही.

फिनलंड आणि कॅनडातील लोक गोठलेल्या तळ्यांवर लहान खोपी उभारून बर्फाला भोके पाडून मासे धरतात. त्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. फरक इतकाच की, कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते, म्हणून ते मोठी बॅटरी नेतात. आपली अडचण उलटी आहे. चंद्रपूरचा पारा उन्हाळ्यात ४६-४७ अंशांवर जातो, आणि उष्णतेने बॅटरीचे आयुष्य झपाट्याने कमी होते. तेव्हा ती सावलीत, हवेशीर जागी आणि जमिनीपासून उंच ठेवावी.

आता तारेकडे वळू. येथे ओहमचा नियम खरा उपयोगी पडतो. १० वॅटच्या दिव्यांना १२ व्होल्टवर ०.८३ अँपिअर प्रवाह लागतो. समजा, बॅटरी घरी ठेवली आणि ५० मीटरवरच्या झोपडीपर्यंत १ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार नेली. जाऊन-येऊन १०० मीटर तार होते आणि तिचा रोध सुमारे १.७ ओहम असतो. तिच्यात १.४ व्होल्ट वाटेतच संपतात, म्हणजे जवळजवळ बारा टक्के! बॅटरी झोपडीतच ठेवली आणि तार ५ मीटर पुरली, तर हे नुकसान सव्वा टक्क्याच्या आत येते. लांब तारेवर पैसा घालण्यापेक्षा बॅटरीची जागा बदलणे केव्हाही स्वस्त.

“१२ व्होल्टला भ्यायचे काय?” असे काही जण म्हणतात. धक्क्याचे भय त्यात जवळजवळ नाही हे खरे, पण आगीचे आहे. बॅटरीची दोन टोके चुकून जोडली गेली, तर क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह वाहू शकतो. तार लाल होते, आणि वर गवताचे छप्पर! म्हणून धन टोकाच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज हवाच. फ्यूज जळाला म्हणून तेथे जाड तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला झोपवणे होय.

२३० व्होल्टची गोष्ट निराळी आहे. ओल्या अंगाचा रोध सुमारे १००० ओहम धरा. चिखलात उभ्या माणसाचा हात तारेला लागला, तर प्रवाह ०.२३ अँपिअर होतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. माणसाला मात्र ०.०३ अँपिअरच्या पुढे प्राणाचा धोका सुरू होतो. फ्यूज तारेला वाचवतो, माणसाला नव्हे! माणसासाठी ०.०३ अँपिअरच्या गळतीवर बंद पडणारा निराळा स्विच असतो. वायरमन त्याला ‘आरसीसीबी’ म्हणतात. आकड्याच्या मागे असा कोणताच पहारेकरी नसतो.

आणि खेदाची गोष्ट ही की, दिव्यासाठी टाकलेला आकडा पुढे कुंपणाच्या उघड्या तारेलाही जोडला जातो. एप्रिल २०१७ मध्ये नागभीड भागात ‘श्रीनिवास’ नावाचा, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला तरुण वाघ शेतातील अशाच तारेने मेला. अशा तारांनी रानडुकरे मरतात तशी माणसेही मरतात. कधी शेजारी, तर कधी तार लावणारा स्वतःच.

शेतकऱ्याला नुसते दोष देऊन भागणार नाही. डुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाची कमाई तुडवतो, हे सत्य आहे. पण उपाय आहे. सौर कुंपणाचे ‘झटका मशीन’ तारेत हजारो व्होल्ट सोडते, तरी ते सेकंदातून सुमारे एकदा आणि तेही सेकंदाच्या हजाराव्या भागापुरतेच. ऊर्जा थोडी असते. प्राणी दचकून मागे फिरतो आणि जगतो. लाइनची वीज मात्र सतत वाहते. स्नायू आखडतात आणि तार सुटत नाही. वनविभागाने सौर कुंपणासाठी अनुदानही दिलेले आहे. झटका मशीनच्या तारेला लाइन जोडणे मात्र कधीही, कोणत्याही कारणाने क्षम्य नाही.

विद्यार्थी मित्रांनो, ओहमचा नियम परीक्षेत दोन गुणांसाठी लिहायचा आणि घरी मात्र अंदाजाने तार ओढू द्यायची, हे विज्ञान शिकणे नव्हे. शिक्षकांनाही माझी विनंती आहे की, प्रयोगवहीत एक प्रयोग गावातल्या झोपडीचा किंवा मचाणाचा असावा: गरज किती, बॅटरी केवढी, तार किती जाड, फ्यूज कोठे. तुमच्या घरी जागलीची तयारी सुरू होईल तेव्हा हा कागद वडिलांपुढे ठेवा. कदाचित ते हसतील. पण हिशेबातला १०० चा आकडा पाहून त्यांनी तारेवरचा आकडा खाली काढला, तर तुम्ही त्या वर्षीची सर्वांत मोठी परीक्षा उत्तीर्ण झालात असे मी समजेन. तारेवरचा आकडा मात्र तुम्ही स्वतः काढायला जाऊ नका. ते काम वीज कंपनीच्या वायरमनचे.