झडप मिटली, पण पुरती मिटली काय?

यंत्रांविषयी लिहावयास बसले म्हणजे चाकाची व इंजिनाची स्तुती आपोआप होते. झडपेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. पाण्याला, वाफेला अथवा वायूला वाट देणे, अडविणे किंवा मोजून सोडणे, एवढेच तिचे काम. पण हे काम आमच्या घरांतून किती ठिकाणी चालते ते पाहावे. मोरीतील तोटी, सायकलीच्या नळीचे तोंड, बाजाच्या पेटीच्या भात्यात हवा आत घेणारी पट्टी, विहिरीतील नळीच्या बुडाशी बसविलेला फूटव्हॉल्व्ह आणि कुकरची शिटी, ही सारी एकाच कुळातील मंडळी आहेत. फार काय, आपल्या हृदयातही चार झडपा अहोरात्र उघडझाप करीत असतात.

कारखान्यातील झडपांच्या वंशावळीत एक शाखा थेट स्वयंपाकघरातून निघालेली आहे, हे वाचून आमच्या वाचकभगिनींस नवल वाटेल. डेनिस पापिन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडन येथे घट्ट झाकणाचे एक पात्र केले. त्यात वाफ कोंडली जाऊन हाडेसुद्धा मऊ शिजत. पण कोंडलेली वाफ पात्र फोडील ही भीती होतीच. म्हणून त्याने झाकणास एक छिद्र ठेवून त्यावर बूच बसविले आणि त्या बुचावर एक तरफ टाकून तिच्या टोकास वजन अडकविले. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की बूच उचलले जाई, जोर ओसरला की पुन्हा खाली बसे. आजच्या कुकरची शिटी म्हणजे ह्याच युक्तीचे सुटसुटीत रूप होय. आत वाफेचा दाब बाहेरील हवेपेक्षा सुमारे एका वातावरणाने वाढला म्हणजे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, आणि डाळ लवकर शिजते. कित्येक कुकरांच्या झाकणावर लवकर वितळणाऱ्या मिश्रधातूची एक गुटी असते. शिटी तुंबली अथवा पाणी आटले तर ती वितळून वाफेस वाट करून देते. गुटी गेली म्हणून त्या जागी खिळा ठोकणारे किंवा काडी बसविणारे हिकमती लोक असतात. त्यांच्या हिकमतीचे कौतुक आम्हांस करवत नाही.

असाच एक हिकमती गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. दक्षिण कॅरोलिना संस्थानात ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ ह्या नावाचे आगगाडीचे इंजिन धावत असे. जून १८३१ मध्ये त्यावरील कोळसेवाल्यास सुटणाऱ्या वाफेच्या आवाजाचा त्रास होऊ लागला, तेव्हा त्याने ती झडपच बंद धरून ठेवली. आवाज थांबला, आणि थोड्याच वेळात बाष्पपात्र फुटून तो स्वतः प्राणास मुकला. इंग्लंडातही अधिक जोर मिळावा म्हणून झडपेवरील भार वाढविण्याची खोड इंजिनवाल्यांस होती. म्हणून जॉन रॅम्सबॉटम याने १८५५ च्या सुमारास चालकाच्या हातास वश न होणारी झडप योजिली. झडपेने वाफेशी झुंजावे एवढेच पुरत नाही. तिला मनुष्याच्या उतावळेपणाशीही झुंजावे लागते.

आता इतर जाती. मोठ्या जलवाहिन्यांवर जी असते ती स्लूस किंवा गेट झडप. तिच्यात पाचरीसारखे एक दार चक्र फिरवून वरखाली करितात. पूर्ण उघडली म्हणजे प्रवाहास आडकाठी जवळजवळ नसते. तिचा स्वभाव मात्र एकमार्गी: पूर्ण उघडी नाही तर पूर्ण बंद. अर्धवट उघडी ठेवली तर दार थरथरते आणि फटीतून जोराने जाणारे पाणी बैठक कुरतडीत नेते. प्रवाह कमीजास्त करावयाचा असेल तेथे ग्लोब झडप हवी. तिच्यात चकती बैठकीवर वरून उतरते. पाण्यास वळसा घेऊन जावे लागते, त्यामुळे त्याचा काही जोर खर्ची पडतो, पण मोजून सोडण्याचे काम उत्तम होते. बॉल झडपेत आरपार भोक पाडलेला एक गोळा असतो. दांडा पाव फेरा फिरविला की उघडबंद. तिची लोकप्रियता वाढली ती १९३८ साली सापडलेल्या टेफ्लॉनमुळे, कारण गोळा ज्या कड्यांत बसतो ती बहुधा ह्याच गुळगुळीत द्रव्याची असतात. मात्र फार तापलेल्या वाफेपुढे ती टिकत नाहीत. फुलपाखराच्या नावाची बटरफ्लाय झडप मोठ्या नळांत थोड्या जागेत बसते. राहिली एकमार्गी झडप. तिला चक्र नाही, दांडा नाही. प्रवाह उलटला की ती आपली आपणच मिटते.

जातींची नावे कोणीही पाठ करील. खरे कौशल्य घडणीत आहे, आणि तेही एका लहानशा भागात. प्रथम लाकडाचा अथवा धातूचा नमुना करितात. बीड थिजताना आकसते, म्हणून शंभर इंचांचा नमुना केला तर वस्तू सुमारे नव्याण्णव इंचांची उतरते. पोलाद ह्याच्या दुपटीच्या आसपास आकसते. नमुना करणाऱ्या सुताराने हे सर्व आधीच हिशेबात धरावयाचे असते. मग वाळूचा साचा, आणि पोकळीच्या जागी वाळूचाच घट्ट केलेला गाभा. गाभा केसभर सरकला तर झडपेची एक भिंत जाड व दुसरी पातळ होते; बाहेरून पाहणाराला काही समजत नाही, दाब मात्र तीच जागा नेमकी शोधून काढतो. किर्लोस्करवाडीस पंपांबरोबर झडपाही घडविल्या जातात, आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरातील ओतशाळांमुळे ओतकाम हा आपल्या प्रांतास परका विषय राहिलेला नाही. फार मोठ्या दाबाच्या लहान झडपा मात्र ओतीत नाहीत. तापविलेले पोलाद दाबून घडवितात.

ओतीव धड लेथवर चढवून कातल्यानंतर बैठकीची पाळी येते. बैठक म्हणजे चकती जेथे टेकते ते कडे. झडपेची सारी अब्रू ह्या बोटभर रुंदीच्या कड्यावर अवलंबून असते. पाण्यासाठी ते कासे जातीच्या धातूचे चालते. तप्त वाफेसाठी क्रोमियमचे पोलाद किंवा कोबाल्टचा कठीण मिश्रधातू वर चढवितात. मग कुरुंदासारखी बारीक पूड तेलात कालवून चकती व बैठक एकमेकींवर घोटतात. घोटणे पुरते झाले की नाही ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून एका अंगास निळ्या रंगाचा अगदी पातळ हात देऊन दोन्ही टेकवितात आणि उचलून पाहतात. दुसऱ्या अंगावर निळे वर्तुळ कोठेही न तुटता उमटले पाहिजे. तुटले तर पुन्हा घोटावयाचे. हे काम करणारा जुना कारागीर निळ्या रेघेकडे ज्या बारकाईने पाहतो, ती पत्रिका जुळविणाऱ्या जोशीबोवांनाही साधणार नाही.

शेवटी परीक्षा. झडपेत पाणी भरून नेमलेल्या दाबाच्या दीडपट दाब धडावर देतात. मग ती मिटवून नेमल्या दाबाहून एक दशांश अधिक दाबाने बैठकीतून गळते काय हे पाहतात.

कारखान्यातून उत्तीर्ण झालेली झडप पुढे जन्मभर खरे बोलेलच असे नाही, आणि तिच्या वतीने बोलणारा दिवा तर नाहीच नाही. अमेरिकेतील पेनसिल्व्हानिया संस्थानात थ्री माइल आयलंड येथे अणुशक्तीचे वीजघर होते. २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास त्याच्या दुसऱ्या अणुभट्टीस लागणारे पाणी पुरविणारे पंप थांबले. संकटकाळी पाणी देणाऱ्या वाटेवरील झडपा उघड्या असावयाच्या त्या मिटलेल्या होत्या. हे ध्यानात येण्यास आठ मिनिटे गेली. ह्याच्या उलट, अणुभट्टीतील दाब वाढल्यामुळे जी झडप उघडली ती काही सेकंदांत मिटावयास हवी होती. ती उघडीच अडकली. यंत्रचालकांसमोरील दिवा मात्र विझला, आणि झडप मिटली असे सर्वांनी मानले. वस्तुतः तो दिवा झडपेस जाणारा विजेचा हुकूम बंद झाला एवढेच सांगत होता. हुकूम सुटला, झडपेने तो पाळला की नाही हे विचारण्याची सोयच नव्हती.

त्या झडपेपुढील नळ तापलेला असल्याचे मापकावर दिसत होते. परंतु तेथे पूर्वीपासूनच थोडी गळती होती, त्यामुळे नळ तापतोच अशी सर्वांस सवय झालेली होती. आम्हांस ह्या हकीकतीतील सर्वांत भयंकर वाक्य हेच वाटते. दोन तासांहून अधिक वेळ पाणी व वाफ बाहेर जात राहिली; मार्गावरील दुसरी झडप मिटविल्यावर ती थांबली, पण ह्या अपघातात अणुभट्टीच्या गाभ्यातील जवळजवळ अर्धे इंधन वितळून गेले. ती भट्टी पुन्हा कधीही सुरू झाली नाही. त्यानंतर अशा झडपेची प्रत्यक्ष स्थिती दाखविणारी योजना करणे अमेरिकेतील वीजघरांस भाग पाडण्यात आले.

ज्यांच्या घरी विहीर व पंप आहे त्यांनी फूटव्हॉल्व्हची परीक्षा अशी करावी. रात्री पंप थांबविताना नळी भरलेली आहे हे पाहावे आणि सकाळी वरचे बूच काढून आत डोकवावे. पाणी तोंडाशी असेल तर बैठक शाबूत आहे. खाली उतरले असेल तर नळी वर काढून चकती तपासावी. बहुधा वाळूचा खडा अथवा काटकी अडकलेली असते, किंवा चकतीचे रबर कडक होऊन चिरलेले असते. रोज सकाळी दोन कळशा पाणी ओतून पंप चालू करण्याची सवय घरच्या माणसांस लागण्यापूर्वी हे केलेले बरे.