कुलरमागचं नेट

स्तंभ : घरातली वायर

राउटरच्या खोक्यात बारीक अक्षरांचा एक कागद येतो. तो कुणी वाचत नाही. घरगुती राउटरच्या त्या कागदावर साधारण एकच ओळ असते : वापराचं तापमान ० ते ४० अंश सेल्सिअस. आता यवतमाळचा मे महिना आठवा. पारा ४४-४५ च्या घरात, आणि आपला राउटर टिनाखालच्या खोलीत, कपाटाच्या डोक्यावर, तापलेल्या सेट-टॉप बॉक्सला पाठ लावून बसलेला. दुपारी दोनला त्यानं मान टाकली की आपण केबलवाल्याला फोन लावतो. तो म्हणतो, "भाऊ, इकडून सगळं बरोबर आहे. बंद करून चालू करून पाहा." आपण बंद करतो, चहा पिऊन येतो, चालू करतो आणि नेट सुरू होतं. मग त्याचंही खरं ठरतं आणि आपलंही समाधान होतं. प्रत्यक्षात चहा होईपर्यंत तो डबा थोडा निवलेला असतो, एवढंच.

उन्हाळ्यात 'नेट चालून नाही राह्यलं' असं जे घरोघरी ऐकू येतं, त्यातला मोठा वाटा बाहेरच्या तारेचा नसून घरातल्या दहा-पंधरा फुटांचा असतो. आणि त्या दहा-पंधरा फुटांचा कारभार आपण परक्याच्या हाती देऊन ठेवला आहे. राउटर कुठे बसवायचा हे जोडणी करणारा ठरवतो, आणि त्याच्या सेटिंगची किल्लीही तोच खिशात घालून नेतो. माझी तक्रार या दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी जागेचं बघू. तालुक्याच्या गावात फायबर घेऊन येणारा माणूस बहुतेक वेळा पूर्वीचा केबलवालाच. खांबावरून वायर आली, खिडकीच्या चौकटीतून आत घेतली, तिथेच दोन खिळे ठोकून डबा टांगला, काम झालं. त्याची चूक म्हणता येत नाही; दिवसाला चार घरं करायची असतात आणि आत ओढायच्या वायरचे पैसे कुणी देत नाही. पण विदर्भातल्या घराची खिडकी म्हणजे काय? मार्च ते जून तिथे कुलर असतो. लोखंडी पत्र्याची पेटी, तळाला भरलेली पाण्याची टाकी, तिन्ही बाजूंना ओल्या ताट्या. पत्रा रेडिओलहरी परतवतो आणि पाणी त्या शोषतं. वायफाय अडवायला यापेक्षा चांगली भिंत मुद्दाम बांधायची म्हटली तरी जमायची नाही. जोडणी जानेवारीत झालेली असते, तेव्हा सगळं उत्तम चालतं. मार्चात ताट्या बदलून कुलर बसला की शेजारच्या खोलीतला ऑनलाइन क्लास अडकायला लागतो, आणि दोष कंपनीला जातो. वर कुलरची मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं. तेवढ्यानं ट्यूबलाइट नुसती मिचकते, राउटर मात्र पहिल्यापासून सुरू होतो आणि पुन्हा उभा राहायला दोन-तीन मिनिटं घेतो. बारा व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की निदान हे दुखणं जातं. मृगाच्या आधीच्या वादळांत तर राउटरचा प्लग काढून ठेवण्याचीही सवय हवी. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण प्लगमधून येते.

जागा निवडायची तर घराच्या मधोमध, डोक्याच्या उंचीवर, कपाटाच्या बाहेर, हवा खेळेल अशी. लोखंडी कपाट, आरसा, फ्रिज यांच्यापासून दूर. जोडणीच्या दिवशी "दादा, अजून दहा मीटर वायर टाका, पैसे मी देतो" एवढं म्हणायला लाजू नका. पुढच्या पाच वर्षांच्या कटकटीपुढे ते पैसे काहीच नाहीत.

दोष आतला की बाहेरचा, हे ओळखणं अवघड नाही. डब्यावर 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा असेल तर फायबर ठीक आहे. 'एलओएस'चा लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाश घरापर्यंत पोचतच नाही. कुठेतरी जेसीबीनं खोदलं असेल, वानरांनी वायरीवर झोके घेतले असतील, किंवा आपणच सोफा सरकवताना वायर काटकोनात मोडली असेल. सोफा तेवढा तपासा, बाकी तुमच्या हातात काही नाही, फोन लावा. पॉन हिरवा असून नेट रडत असेल, तर लॅपटॉप थेट वायरनं डब्याला जोडून वेग मोजा. तिथे पूर्ण वेग मिळाला आणि खोलीत मिळाला नाही, तर दोष हवेतला म्हणजे घरातलाच. वायरवरही मिळाला नाही, तर मग हक्कानं भांडा. मोजताना एक ध्यानात ठेवा : ४० एमबीपीएसचा प्लॅन म्हणजे सेकंदाला ४० मेगाबाइट नव्हेत. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. या गोंधळातून झालेली भांडणं मी बरीच ऐकली आहेत.

आता हवेचं. वायफाय मुख्यतः दोन पट्ट्यांत चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. भारतात २.४ चा पट्टा विनापरवाना वापरासाठी २००५ मध्ये खुला झाला; ५ चा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळा झाला. २.४ भिंती ओलांडतो पण गर्दीचा आहे. ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच, शेजारच्या सहा घरांचे राउटरही तिथेच. आपल्याकडे त्यात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांवर न चढणारे नेहमीचे तीनच : १, ६ आणि ११. शेजारी ६ वर असेल तर तुम्ही ७ वर गेलात म्हणजे सुटलात असं नाही, उलट दोघांचाही घोटाळा वाढतो. १ किंवा ११ धरा आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा, ४० नको. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण जुन्या यवतमाळातल्या दीड फुटी भिंतीपुढे तो हात टेकतो. टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर टीव्ही ५ वर टाका, मागच्या खोलीतले फोन २.४ वर राहू द्या. दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावं दिली की हे जमतं.

पट्ट्याचा आकडा जितका लहान तितकी लहर लांब, आणि लहर जितकी लांब तितकी ती अडथळ्यातून निभावते; हे महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर करून पाहिलेलं आहे. आयआयटी मुंबईच्या 'ग्राम मार्ग' प्रकल्पानं पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर टीव्हीच्या यूएचएफ पट्ट्यातल्या मोकळ्या जागा वापरून इंटरनेट नेलं; या लहरी झाडीतून वाट काढतात. २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत या प्रकल्पाला पहिलं बक्षीस मिळालं. घरगुती राउटरमध्ये तो पट्टा नाही, त्यामुळे सागाच्या पलीकडच्या गोठ्यात वायफाय पोचवायचं तर वायरच ओढावी लागते.

वरच्या मजल्यासाठी बरेच जण कपाटातला जुना राउटर बाहेर काढतात. कल्पना चांगली आहे, पण तो जसाच्या तसा जोडला की दोन्ही डबे घरातल्या फोनना पत्ते वाटायला बसतात. एका सज्जाला दोन तलाठी नेमले आणि दोघंही आपापल्या मनानं फेरफार नोंदवू लागले तर जे होईल, तेच इथे होतं : एकच पत्ता दोघांना जातो आणि कुणाचंच नेट धड चालत नाही. इलाज सोपा आहे. जुना राउटर लॅपटॉपला जोडा आणि ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाका (आकडे इंग्रजीत). काही कंपन्यांत तिसरा आकडा ० असतो, डब्याच्या बुडाशी छापलेला पाहा. आत गेल्यावर आधी वायफायचं नाव आणि पासवर्ड ठरवा. मग त्याचा स्वतःचा पत्ता मुख्य डब्याच्या ओळीतला पण वेगळा करा : खालचा १९२.१६८.१.१ असेल तर हा १९२.१६८.१.२. शेवटी 'डीएचसीपी', म्हणजे पत्ते वाटण्याचं काम, बंद करा (पत्ता बदलल्यामुळे पान आता नव्या पत्त्यावर उघडेल). मग खालच्या डब्याच्या लॅन छिद्रातून आलेली वायर याच्याही लॅन छिद्रातच घाला. निळं किंवा वेगळं दिसणारं 'वॅन' छिद्र रिकामं राहू द्या. नव्या राउटरमध्ये हेच काम 'ॲक्सेस पॉइंट मोड' नावाच्या एका बटणानं होतं. बाजारात सिग्नल वाढवणारे म्हणून जे प्लगचे ठोकळे विकतात, त्यांतले स्वस्तातले माझ्या मते विकत घेऊ नयेत. ते त्याच चॅनेलवर ऐकतात आणि त्याच चॅनेलवर बोलतात, म्हणजे वेग निम्म्यावर आलाच.

चॅनेल बदलायला किंवा पट्ट्यांना वेगळी नावं द्यायला मुख्य डब्याचं सेटिंगचं पान उघडावं लागतं, आणि तिथे घोडं अडतं. पासवर्ड मागितला की "तुम्ही सांगा काय करायचं, आम्ही तिकडून करून देतो" असं उत्तर येतं. ते खोटं नाही. डबा दुरून सांभाळण्याची सोय असतेच. पण रात्री दहाला चॅनेल बदलायला कुणाला उठवायचं? आणि प्रश्न फक्त सोयीचा नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या स्फोटांच्या काही मिनिटं आधी धमकीचा जो ईमेल गेला, त्याचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी माणसाच्या घरी लागला. त्याचा त्या कटाशी संबंध नव्हता. त्याचं वायफाय असुरक्षित होतं आणि दुसऱ्या कुणीतरी ते वापरलं. चौकशीला मात्र त्यालाच सामोरं जावं लागलं. आपल्याकडे कितीतरी घरांत आजही वायफायचा पासवर्ड म्हणजे घरमालकाचा मोबाइल नंबर, जो बाहेरच्या पाटीवरही लिहिलेला असतो. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड तर कारखान्यातून आला तसाच. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर काबीज केले, ते असे ठरावीक पासवर्ड एकामागून एक लावूनच.

केबलवाल्यांचीही एक बाजू आहे, आणि ती मला पटते. लोक नको तिथे बोट घालतात, फायबरची मूळ जोडणीच पुसून टाकतात, आणि मग अर्ध्या रात्री फोन येतो. पण त्यासाठी सगळं पान बंद ठेवायची गरज नाही. बहुतेक फायबरच्या डब्यांत दोन लॉगिन असतात, एक कंपनीचं आणि एक वापरणाऱ्याचं. दुसऱ्यातून वायफायचं नाव, पासवर्ड आणि बऱ्याचदा चॅनेलही बदलता येतं. मूळ जोडणीला हात लागत नाही. हे दुसरं लॉगिन जोडणीच्या पावतीवर लिहून देणं कंपन्यांना सक्तीचं करायला हवं. तोवर महिन्याच्या पैशांसाठी माणूस दारात येईल तेव्हा ते मागून घ्या, आणि तो उभा असतानाच एकदा लावून पाहा.

— जोडारी