प्रेक्षकांकडची बाकी

आमच्या इंझोरीला नाटक येत नसे. यायचा तो तंबूतला सिनेमा, तोही कापूस विकून लोकांच्या हातात चार पैसे खेळू लागले की. वाशीम जिल्हा व्हायला तेव्हा अवकाश होता. मानोऱ्याकडचा आमचा भाग अकोला जिल्ह्यात मोडत असे. नाटक पाहायचं म्हणजे एस.टी.नं अमरावती गाठायची, आणि प्रयोग सुटला की सकाळच्या पहिल्या गाडीपर्यंत स्टँडवर पेंगत बसायचं. असा नाटक पाहून आलेला माणूस गावात पुढे दोन दिवस भाव खाऊन असे.

डॉ. काशिनाथ घाणेकर २ मार्च १९८६ रोजी गेले, ते याच अमरावतीत, दौऱ्यावर असताना. मी तेव्हा बँकेत नवखा कारकून होतो. घाणेकरांना रंगमंचावर मी कधीच पाहिलं नाही. ‘पुढच्या खेपेला आले की जाऊ’ असं म्हणत राहिलो. कधी मार्चअखेरची कामं, कधी रजा नाही, कधी नुसता कंटाळा. पुढची खेप आलीच नाही.

आमच्या शाखेतल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यानं मात्र ‘अश्रूंची झाली फुले’मधला त्यांचा लाल्या पाहिला होता. त्या बातमीनंतर आठवडाभर चहाच्या सुट्टीत तो दुसरं काही बोलत नव्हता. लाल्याच्या प्रवेशाआधीच थिएटर कसं खुर्चीच्या कडेला येऊन बसायचं, टाळ्या पडत असताना समोर प्रभाकर पणशीकर कसे शांतपणे थांबून राहायचे, हे तो हातवारे करून दाखवी. मी मान डोलवून ऐकलं. लिहून काही ठेवलं नाही. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, न घडलेल्या गोष्टींची पानंच्या पानं भरली; पण घडलेल्या गोष्टीची चार वाक्यं टिपून ठेवायचं सुचलं नाही. तो सहकारीही आता नाही. त्याच्याबरोबर त्यानं पाहिलेला तो लाल्याही गेला.

माझा पुतण्या म्हणतो, “काका, २०१८ साली त्यांच्यावर सिनेमा निघाला की! पाहून घ्या.” पाहिला. सुबोध भावे यांनी जीव ओतून काम केलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण झालं असं, की घाणेकर म्हटलं की पुतण्याच्या डोळ्यांपुढे आता भावे यांचाच चेहरा येतो. खऱ्या घाणेकरांचे ‘पाठलाग’, ‘मधुचंद्र’ हे चित्रपट आहेतच, पण ‘रायगडाला जेव्हा जाग येते’मधला १९६२ सालचा संभाजी, मास्टर दत्ताराम यांच्या शिवाजीसमोर उभा राहिलेला, तो ज्यांनी पाहिला त्यांच्यापाशीच राहिला. तेव्हा पंचविशीत असलेला प्रेक्षक आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे.

जगभर हे असंच आहे म्हणा. मॅक्स व्हॉन सिडो हा थोर स्वीडिश नट २०२० साली वारला. १९५७ च्या ‘सेव्हन्थ सील’मध्ये मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा त्याचा सरदार आज कुणालाही घरबसल्या पाहता येतो. पण हाच माणूस स्टॉकहोमच्या रंगभूमीवरही उभा राहिला होता. ती कामं आपण कुठून पाहणार?

बरं, सिनेमात माणूस टिकतो म्हणावं, तर तिथं टिकते ती भूमिका. निळू फुले यांचंच पाहा. तंबूत त्यांचा पाटील पडद्यावर आला की आमच्या मोठ्या आईच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. १३ जुलै २००९ ला ते गेले, तेव्हा मी गावी होतो. तिला सांगितलं.

“मेला का थो? बरं झालं,” ती म्हणाली. “बाईमानसाले लय तरास दिला मुडद्यानं.”

मग मी तिच्याजवळ बसलो. हा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करत होता, सेवादलात वाढला, ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या वगनाट्यानं नावारूपाला आला, हे सांगितलं. ‘सामना’त ज्यांच्यासमोर तो हिंदुराव धोंडे पाटील म्हणून उभा राहिला, त्या डॉ. श्रीराम लागूंच्या बरोबरीनं त्यानं सामाजिक कृतज्ञता निधीसाठी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग केले. खेड्यापाड्यांत राबणाऱ्या कार्यकर्त्यांना दरमहा काही मानधन मिळावं म्हणून तो पैसा होता. म्हातारी बराच वेळ गप्प राहिली. मग माझ्यावरच उखडली.

“मंग हे मले पयले काहून नाई सांगतलं रे? म्या त्याले चाळीस वर्सं शिव्या देल्या!”

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. शिव्या म्हणजे नटाला मिळालेली दादच, असं आपण कौतुकानं म्हणतो, आणि ते खोटंही नाही. पण गणपत पाटील यांना विचारलं असतं तर? आयुष्यभर तमाशापटांत नाच्याची कामं केली. पडद्यावरची ती लकब लोकांनी त्यांच्या संसारी आयुष्याला चिकटवली आणि तिचे चटके घरच्यांनाही बसले. २००८ साली ते गेले तेव्हा त्या अभिनयाची वाखाणणी झाली. त्या चटक्यांची भरपाई कशी व्हायची?

नट गेल्यावर ‘रंगभूमीवर पोकळी निर्माण झाली’ हे वाक्य ठरलेलं. खाली भूमिकांची यादी, एक जुना फोटो, दोन मान्यवरांच्या प्रतिक्रिया. मान्यवरांना विचारू नये असं मी म्हणत नाही. डॉ. लागूंसारखा कान-नाक-घशाचा सर्जन १९६९ साली चालता दवाखाना सोडून पूर्णवेळ नट होतो, ती ओढ काय होती हे त्यांच्या ‘लमाण’मध्ये वाचायला मिळतं, २०१९ साली ते गेले तरी पुस्तक आहे. पण बाल्कनीतल्या शेवटच्या रांगेत बसून ‘नटसम्राट’ पाहिलेल्या शिक्षकाला, कंपाउंडरला, एस.टी. कंडक्टरला कुणी विचारतं का? नाटक त्यांच्यासाठी होतं. तिकीट त्यांनी काढलं होतं.

मोठ्या आईच्या त्या प्रश्नानंतर मी दोनशेपानी वही घातली. इंझोरीला गेलो की पारावर बसतो आणि ज्यांनी ज्यांनी काही पाहिलंय त्यांना बोलतं करतो. नाटकाचं नाव, गाव, साल, तिकिटाचे पैसे, सोबत कोण होतं. सालाच्या बाबतीत म्हातारे फार भांडतात. ‘तो मी नव्हेच’ अमरावतीला कुणाच्या लग्नाच्या वर्षी आलं होतं, यावरून मागच्या दिवाळीत दोघा सख्ख्या भावांचं वाजलं. फिरता रंगमंच आणि पणशीकरांचे पाच अवतार मात्र दोघांनाही लख्ख आठवत होते. धाकटा उठून उभाच राहिला आणि लखोबा लोखंडे कोर्टात कसा उभा राहतो ते त्यानं करून दाखवलं. थोरला म्हणाला, “असा नाई. मान जरा तिरपी.” आणि काठी टेकत तोही उठला.