संगणकाची कीड आणि एका अक्षराची आज्ञा

शनिवार पेठेंत वाढलेल्या माणसास ‘ध’चा ‘मा’ झाल्याची कथा नव्यानें सांगावयास नको. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, आणि त्यामागें ‘धरावें’ या शब्दाचें ‘मारावें’ केलें गेलें, अशी आख्यायिका आहे. ती खरी किती व रचलेली किती, याचा निवाडा इतिहासकार करोत. आम्हांस येथें तिचा उपयोग एवढाच कीं, हुकूम बजावणारा जेव्हां स्वतःची अक्कल चालवीत नाहीं, तेव्हां एका अक्षराचा फरक जिवावर बेततो. असा एक निमूट ताबेदार हल्लीं घरोघर टेबलावर बसलेला आहे. त्याचें नांव संगणक.

या संगणकास केव्हां केव्हां कीड लागते. ही कीड म्हणजे कोणीतरी दुष्ट बुद्धीनें लिहिलेली आज्ञावली. ती टपालांतील एखाद्या जोडपत्राबरोबर किंवा फुकट मिळालेल्या खेळाबरोबर आंत येते. बहुतेक वेळीं संगणकांतील पहारेकरी आज्ञावली तिचा बंदोबस्त करते. याच पुण्यांत कैलास व संजय काटकर या बंधूंनीं संगणक-दुरुस्तीच्या धंद्यांतून अशी आज्ञावली सिद्ध केली. तीच पुढें ‘क्विक हील’ या नांवानें देशभर गेली. परंतु कांहीं किडी अशा धूर्त असतात कीं, त्या प्रथम पहारेकऱ्यासच आंधळा करितात. त्याची खिडकी उघडतच नाहीं, किंवा उघडतांच मिटते. अशा वेळीं कमांड प्रॉम्प्टचा आश्रय करावा लागतो. ही एक साधी काळी खिडकी असते. तींत चित्रें नाहींत, बटणें नाहींत. जो हुकूम द्यावयाचा तो अक्षरें टंकून द्यावयाचा.

विंडोज पद्धतीच्या संगणकासाठीं मायक्रोसॉफ्टनें जानेवारी २००५ पासून कीड काढण्याचें एक साधन विनामूल्य दिलें आहे. त्याचा उपयोग असा करावा. आरंभीं घरांतील छायाचित्रें व महत्त्वाचे कागद यांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क सोडवून बाजूस ठेवावी. नंतर शोधाच्या जागीं सी, एम्, डी हीं तीन रोमन अक्षरें टंकावीं, आणि जें नांव दिसेल तें प्रशासकाच्या अधिकारानें उघडावें. काळ्या खिडकींत एम्, आर्, टी हीं अक्षरें टंकून एक जागा सोडावी, उजवीकडे झुकणारी तिरपी रेघ द्यावी, व तिला लागून एन् हें अक्षर लिहावें. या हुकुमानें नुसती तपासणी होते. जें सांपडेल तें कळविलें जातें, काढलें कांहींच जात नाहीं. याच रेघेपुढें एन् ऐवजीं एफ्, मग दोन टिंबें व वाय् असें लिहिलें, तर संपूर्ण संगणक धुंडाळला जातो आणि सांपडलेली कीड आपणांस न विचारतां काढून टाकिली जाते. या कामास कित्येक तास लागतात. झाल्या कामाची नोंद विंडोजच्या ‘डीबग’ नांवाच्या कप्प्यांत राहते. ती अवश्य वाचावी.

एन् म्हणजे ‘पाहा’, एफ्-वाय् म्हणजे ‘शोधा व काढा’. आमचें सांगणें एवढेंच कीं, पाहण्याचा हुकूम नेहमी आधीं द्यावा. घाई कशी नडते याचें उदाहरण लिनक्स पद्धतींत चांगलें दिसतें. तेथें ‘क्लॅमस्कॅन’ नांवाची तपासणी आपण होऊन कांहीं पुसत नाहीं. तिला ‘रिमूव्ह’ हा शब्द जोडला कीं ती दूषित फाइल समूळ नाहींशी करते. आतां, कांहीं टपाल-आज्ञावल्या एका कप्प्यांतील सारीं पत्रें एकाच फाइलींत सांठवितात. त्यांतील एका पत्रास कीड असली, तर हा हुकूम सगळी फाइल पुसूं शकतो, आणि परदेशीं गेलेल्या मुलाचीं दहा वर्षांचीं पत्रें एका शब्दासरशीं जातात. त्याऐवजीं ‘मूव्ह’ हा शब्द योजून दूषित फाइल वेगळ्या जागीं ठेवतां येते. ती मग सावकाश पाहावी.

कीड निघाली म्हणजे काम संपलें असेंही नव्हे. चोर हांकलला तरी नेलेला ऐवज परत येत नाहीं. ऑगस्ट २०१८ मध्यें पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेंत शिरलेल्या अशाच आज्ञावलीच्या बळावर दोन दिवसांत सुमारें ९४ कोटि रुपये काढून नेण्यांत आले. घरच्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होत असतील, तर पासवर्ड दुसऱ्या, निर्दोष यंत्रावरून बदलावे. आणि पैसे गेल्याचें दिसतांच १९३० या क्रमांकावर विलंब न करितां कळवावें.

शेवटीं कुटुंबांतील वडील मंडळींस दोन शब्द. ‘तुमच्या संगणकांत बिघाड आहे, मी सांगतों तसें टंका’ असा दूरध्वनि कोणा अनोळखी माणसाचा आला, तर एक अक्षरही टंकूं नये. ज्या हुकुमाचा अर्थ आपणांस ठाऊक नाहीं, तो देणें म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणें होय. आणि संशयास्पद पत्र उघडलें तें सुनेनें, नातवानें कीं खुद्द आजोबांनीं, याची चौकशी करीत बसूं नये. रागें भरण्याच्या भीतीनें जो गप्प राहतो, त्याच्या मौनांत ही कीड आठवडेच्या आठवडे सुखानें नांदते. चूक सांगणारास घरांत अभय असावें. ज्या घरीं तें असतें, तेथें तपासणी वेळेवर होते.