खाडा आणि प्रभुवार

मंगळवेढ्याच्या मातीला श्रमिकाच्या मरणाची जुनी ओळख आहे. १३३८ साली तेथील गावकुसाचे बांधकाम चालू असता भिंत कोसळली आणि संत चोखामेळा इतर मजुरांसह तिच्याखाली गाडले गेले. आज त्याच शिवारात हंगाम आला की ऊसतोडणीचा कोयता फिरू लागतो. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून घेतलेली उचल डोक्यावर. ताप आला, पाळीच्या वेदना असह्य झाल्या आणि एक दिवस कोपीवर पडून राहावे लागले, तर तो 'खाडा'. त्याचा दंड उचलीत चढतो. विश्रांती हा जणू गुन्हाच!

"तोडणी थांबवता येत नाही," असे यावर सांगितले जाते. मग कारखान्याचे गाळप तरी कुठे थांबते? ते रात्रंदिवस चालते, तरीही आतील कामगाराला पाळीपाळीने साप्ताहिक सुटी मिळतेच. जे फाटकाच्या आत जमते, ते फडात का जमू नये? अडचण उसाची नाही, नियतीची नाही. ती आपल्या नियतची आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुटी आणि दुपारी अर्ध्या तासाचा विसावा मागितला, तेव्हा गिरणीमालकांनाही ते परवडणारे नव्हते. तरी १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मिळालीच. पुढच्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांनी 'रेरुम नोव्हारुम' या विश्वपत्रात कामगाराच्या विश्रांतीचा कैवार घेतला. १९४८ च्या कारखाना कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली. परंतु हा हक्क फाटकाशीच अडला.

प्रिय बंधुभगिनींनो, दहा आज्ञांतील विसाव्याचा दिवस केवळ धन्यासाठी नाही. दास, दासी, परदेशी, इतकेच नव्हे तर बैल आणि गाढव यांचाही त्यात वाटा आहे. तेव्हा मुकादमाकडे बोट दाखवण्यापूर्वी आपले अंगण पाहू या. आपल्या शाळा-वसतिगृहांतील स्वयंपाकीण, रखवालदार, घरची मोलकरीण यांना हक्काची सुटी आहे का? जेथे कायद्याने देणे आहे तेथे भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बाळंतपणाची पगारी रजा आपण देतो का? की नाताळात नवे लुगडे देऊन 'प्रेमाची सेवा' म्हणतो? न्यायाने देणे असलेले दान म्हणून देणे ही दुहेरी चोरी आहे: पैशाची आणि सन्मानाची.

जो आपल्या चाकराच्या विश्रांतीचा खाडा मांडतो, त्याचा प्रभुवारही देवाच्या वहीत खाडाच ठरेल.