वेरूळ कोणीं कोरलें?

सुटीच्या दिवशीं सहकुटुंब वेरुळास जाऊन यावें, ही आमच्या सुशिक्षित वर्गाची ठरलेली रीत होऊन बसली आहे. रीत वाईट नाहीं. ती पाळण्याची तऱ्हा वाईट आहे. छत्रपती संभाजीनगराहून सुमारें ३० किलोमीटर जावयाचें, कैलासासमोर छायाचित्र घ्यावयाचें, झाडाखालीं डबे सोडावयाचे आणि ऊन कलण्यापूर्वीं परतावयाचें. ३४ लेण्यांपैकीं एक पाहिलें कीं वेरूळ ‘झालें’! मध्यंतरीं आम्हीही असेच गेलों होतों, आणि तेथें जें कानीं पडलें त्यामुळेंच हे चार शब्द लिहिणें भाग पडत आहे.

“हें माणसाचें काम नव्हेच,” असें एक चांगले शिकलेले गृहस्थ आपल्या नातवास समजावीत होते. परग्रहावरून कोणी आले, यंत्रांनीं डोंगर कोरून निघून गेले, असा त्यांचा सिद्धान्त. नातवानें मान डोलविली. समोरच्या कातळावर छिन्नीचे घाव दिसत होते. तिकडे मात्र दोघांचेंही लक्ष नव्हतें.

कैलास हा चमत्कार वाटावा यांत नवल नाहीं. सुमारें २७६ फूट लांब व १५४ फूट रुंद अशा खोदलेल्या प्रांगणांत तें अखंड मंदिर उभें आहे. परंतु तें कसें झालें हें गूढ नाहीं. डोंगरावर तीन बाजूंनीं चर खणून मधला कातळ मोकळा केला आणि शिखरापासून पायापर्यंत काम उतरत आणलें. वरून खालीं येणाऱ्यास दगड वर चढवावा लागत नाहीं. मात्र चुकलेला दगड बदलतांही येत नाहीं. अशी हिंमत एका दिवसांत येत नसते. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, हें काम झालें, तेव्हां भाजें-कार्ल्यापासून चालत आलेली लेणीं कोरण्याची विद्या या सह्याद्रींत आठ-नऊ शतकें मुरलेली होती. वेरुळाच्याच दहाव्या लेण्यांत छताला दगडी वासे कोरलेले आहेत. दगडाच्या छतास वाशांचा आधार कशाला हवा? परंतु लांकडी बांधणीची आठवण कारागिरांच्या हातांतून गेली नव्हती. म्हणूनच लोक त्यास ‘सुताराची झोंपडी’ म्हणतात. आणि तिसावें लेणें, ‘छोटा कैलास’, तें तर अपुरेंच राहिलें. त्या परग्रहवासीयांचीं यंत्रें तेथें मोडलीं कीं काय?

कोणी म्हणेल, नवल वाटून घेण्यांत काय बिघडलें? कांहींच नाहीं. बडोद्यास मिळालेल्या इ. स. ८१२ च्या ताम्रपटांतही या मंदिराचें नवल वर्णिलें आहे. तें पाहून देव थक्क झाले, आणि ‘हें मीं कसें केलें?’ असा प्रश्न खुद्द घडविणारासही पडला, असा त्याचा आशय. परंतु हें नवल कर्त्याचें आहे. त्यांत श्रमांचा अभिमान आहे. आमच्या गृहस्थांचें नवल त्याच्या उलट. तें कर्त्यासच पुसून टाकतें. युरोपांतील प्रार्थनामंदिरें पाहतांना हेच गृहस्थ तेथील गवंड्यांचे गोडवे गातील; घरच्या पाथरवटास मात्र ते एवढेंही श्रेय देणार नाहींत. त्या बहुतेकांचीं नांवें काळानें नेलीं. उरले होते हात; तेही आम्हीं शिकलेल्यांनीं काढून घ्यावे काय?

यावर उपाय सोपा आहे. सकाळीं लौकर निघावें. आधीं दहावें लेणें पाहावें, मग पंधरावें, मग कैलास, आणि पायांत बळ असेल तर उन्हें उतरतांना तो अपुरा छोटा कैलास. तेथें मुलास कातळाजवळ न्यावें, छिन्नीचा घाव डोळ्यांनीं दाखवावा, आणि इतकेंच सांगावें कीं, बाळ, हें माणसानें केलें आहे. मुलाची मान त्या वेळीं डोलणार नाहीं, ताठ होईल.