निष्क्रिय खात्यातील शब्द

बचत खात्यावर दोन वर्षांहून अधिक काळ ग्राहकाने एकही व्यवहार केला नाही, तर बँक ते खाते निष्क्रिय ठरवते. रक्कम बुडालेली नसते; पण ऐन गरजेच्या वेळी ती हाती येत नाही. आधी अर्ज, मग ओळखपत्रांची पूर्तता, मग प्रतीक्षा. मुलांच्या इंग्रजी शब्दसंग्रहाची अवस्था अनेक घरांत अशीच झालेली आढळते. शब्द वहीत जमा आहेत, परीक्षेत गुणही मिळाले आहेत. मात्र बोलण्याची वेळ आली की ते बाहेर येत नाहीत.

सांगलीच्या हळद आणि बेदाणा पेठेत परप्रांतीय खरेदीदारांची ये-जा नित्याची आहे. सातारच्या व्यापारी घरांतही पुण्या-मुंबईशी आणि परदेशी गेलेल्या आप्तांशी रोजचा संपर्क असतो. अशा घरातील चौथी-पाचवीच्या मुलाला रोज रात्री वीस स्पेलिंगे पाठ करावयास बसवले जाते. इंग्रजी माध्यमाचे शुल्क भरले जाते, वर शिकवणीही असते. तरीही पाहुण्यांनी दोन साधे प्रश्न विचारले, की मूल आईच्या पाठीमागे जाते. 'एवढा खर्च करूनही बोलत नाही,' हे वाक्य पाहुण्यांदेखत उच्चारले जाते आणि मूल ते ऐकते. शब्द न आठवणे ही लहान गोष्ट आहे. आपल्याला इंग्रजी येणारच नाही, अशी त्याची समजूत होणे ही मोठी हानी आहे.

दोष मुलाच्या बुद्धीचा नसून पद्धतीचा आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःच्या स्मरणशक्तीवर केलेले प्रयोग १८८५ साली प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह पाठ केल्यास विस्मरण सुरुवातीलाच वेगाने होते आणि अंतराअंतराने केलेली उजळणी एका बैठकीतील घोकंपट्टीपेक्षा अधिक टिकते, हे त्यांतून दिसून आले. ज्या शब्दाला प्रसंग नाही, हालचाल नाही, वस्तू नाही, तो शब्द मुलाच्या दृष्टीने अशा निरर्थक अक्षरसमूहाहून फारसा वेगळा नसतो.

यावरील उपायही जुना आहे. हॅरल्ड पामर या इंग्रज भाषातज्ज्ञाने जपानमध्ये काम करीत असताना 'इंग्लिश थ्रू ॲक्शन्स' हे पुस्तक १९२५ साली टोकियोत प्रसिद्ध केले. पुढे १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियातील मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी याच दिशेने एक पद्धती विकसित केली. तिचे सूत्र सोपे आहे. तान्हे मूल आधी ऐकते, ऐकून कृती करते आणि पुष्कळ काळाने बोलू लागते. 'इकडे ये', 'टाळी वाजव' हे त्याला बोलता येण्यापूर्वीच समजलेले असते. परकी भाषाही याच क्रमाने शिकवावी: शिक्षकाने आज्ञा द्यावी, मुलाने ती अंगाने पार पाडावी, आणि बोलण्याची सक्ती प्रारंभी करू नये.

'खेळात वेळ जातो, अभ्यास होत नाही,' असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. आपल्या परंपरेने मात्र खेळाला असे तुच्छ लेखलेले नाही. सापशिडीचे पूर्वरूप असलेला ज्ञानबाजीचा पट जैन कुटुंबांत पर्युषणाच्या दिवसांत मांडला जात असे. त्यावर बहुधा ८४ घरे असत. सद्गुणांच्या शिड्या वर नेत, दुर्गुणांचे साप खाली आणीत, आणि सर्वांत वर मोक्षाचे स्थान असे. कर्मसिद्धान्तासारखा गहन विषय ज्या समाजाने पटावरच्या सोंगट्यांनी मुलांपर्यंत पोहोचवला, त्याने इंग्रजीचे चार शब्द खेळातून शिकवण्यास संकोच का करावा?

कृतीतून शिक्षण हा विचार सातारच्या मातीत तर खोल रुजलेला आहे. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली तिचे मुख्य ठाणे सातारला आणले. 'कमवा आणि शिका' या त्यांच्या योजनेत हात आणि बुद्धी यांची फारकत नव्हती. अलीकडच्या काळात सातारा जिल्ह्यातीलच कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांनी, शिक्षण विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या मार्गदर्शनाखाली, ज्ञानरचनावादी अध्यापनाचा प्रयोग केला. वर्गाच्या फरशीवर आखलेल्या आकृत्या, खडे, बिया, शब्दपट्ट्या यांभोवती मुले बसू लागली आणि तो प्रयोग पाहण्यास राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे हा प्रश्न केवळ महागड्या शाळांचा राहिलेला नाही.

यासाठी परदेशी खेळ शोधण्याचीही आवश्यकता नाही. 'शिवाजी म्हणतो' हा खेळ मराठी मुलांना परिचित आहे. 'शिवाजी म्हणतो, टच द डोअर' म्हटले तर दाराला हात लावायचा. नुसते 'टच द डोअर' म्हटले तर हलायचे नाही. पाच मिनिटांत दार, खिडकी, भिंत, फळा हे शब्द दहा-दहा वेळा कानांवरून जातात. 'तळ्यात-मळ्यात'मध्ये रेषेच्या एका बाजूस फळे आणि दुसऱ्या बाजूस भाज्या ठरवाव्यात. 'मँगो' ऐकताच एकीकडे उडी, 'कॅबेज' ऐकताच दुसरीकडे. 'मामाचे पत्र हरवले' खेळताना पाठीमागे रुमालाऐवजी चित्रपट्टी टाकावी. ज्याला ती सापडेल त्याने चित्राचे नाव सांगून धावावे.

व्यापारी घरांतील मुलांसाठी 'दुकान-दुकान' हा सर्वांत सोयीचा खेळ. वाट्यांमध्ये हळद, गूळ, बेदाणा, तांदूळ, तूरडाळ ठेवावी. 'टर्मरिक', 'जॅगरी', 'रेझिन्स', 'राइस' हे शब्द वस्तू हाताळत शिकले जातात. एकाने गिऱ्हाईक व्हावे, दुसऱ्याने दुकानदार. किंमत विचारणे, वजन सांगणे, सुटे पैसे परत करणे आणि शेवटी आभार मानणे यांत अंक, मापे आणि शिष्टाचाराची वाक्ये सहज येतात. येथे शब्द सुटा राहत नाही, वाक्यात बसतो. आणि वाक्यात बसलेला शब्दच पुढे उपयोगी पडतो.

पाठशाळेत याहून सुंदर खेळ घेता येईल. जमिनीवर खडूने पाच वर्तुळे काढून त्यांना एक ते पाच अंक द्यावेत. प्रत्येक मुलाच्या हाती एका जीवाचे चित्र द्यावे आणि शिक्षकाने त्या जीवाचे इंग्रजी नाव पुकारावे. 'ट्री' पहिल्या वर्तुळात, 'अर्थवर्म' दुसऱ्या, 'ॲन्ट' तिसऱ्या, 'बटरफ्लाय' चौथ्या आणि 'काऊ' पाचव्या वर्तुळात धावेल. एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंतचा पाठ जो मुलांनी मराठीतून केलेला असतो, तोच आता इंग्रजी शब्दांचा आधार होतो. मुंगीचे चित्र असलेल्या मुलीने 'टच, टेस्ट, स्मेल' असे तीन इंद्रियांचे शब्द म्हटले, की तिचा फेरा पूर्ण. ज्ञात अर्थाला नवा शब्द जोडणे हे अज्ञात अर्थाला अज्ञात शब्द जोडण्यापेक्षा नेहमीच सुलभ असते. घरची भाषा पक्की असणे इंग्रजीच्या आड येत नाही, हेही यातून पालकांच्या ध्यानी यावे.

मात्र खेळ म्हटला की त्याचे नियमही विचारपूर्वक ठरवावे लागतात. चुकणाऱ्यास बाद करण्याची रीत येथे घातक ठरते. ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच सर्वप्रथम कोपऱ्यात जाऊन बसतो. चुकलेल्या मुलाला पुढील आज्ञा देण्याचा मान द्यावा, म्हणजे त्याचा सराव थांबत नाही. चुकीवर हसण्यास मज्जाव असावा. वचनानेही हिंसा घडते, हे आपण मुलांना शिकवतो. उच्चार चुकलेल्या सोबत्यावर हसणाऱ्या वर्गात ती शिकवण कसोटीस लागते. प्रत्येक खेळापूर्वी पाच ते सात शब्दच निवडावेत आणि खेळ संपल्यावर ते वहीत लिहवून घ्यावेत. लेखन-वाचनाची जागा खेळ घेऊ शकत नाही. तो त्यांच्या आधीची पायरी आहे.

उजळणीचे वेळापत्रक व्यापाऱ्याच्या घरात अवघड वाटू नये. आज खेळलेले शब्द उद्या, मग आठवड्याने, मग महिन्याने पुन्हा खेळात आणावेत. खतावणीत प्रत्येक नावाचे पान असते, तसे एका लहान वहीत शब्दांसमोर तारखा टाकाव्यात; कोणत्या शब्दावर बरेच दिवस व्यवहार झालेला नाही, हे एका दृष्टिक्षेपात कळते. यासाठी पालकांचे इंग्रजी उत्तम असण्याची अट नाही. आजीने वाटीत बेदाणे घेऊन गिऱ्हाईक व्हावे आणि नातवाला शब्द विचारावा. तिला तो येत नसेल, तर नातू शिकवील. आणि जो दुसऱ्याला शिकवतो, त्याचे खाते निष्क्रिय राहत नाही. दुकान वाढवल्यानंतरची पंधरा मिनिटे या कामास पुरेशी आहेत. वीस स्पेलिंगांची वही त्या दिवसापुरती मिटून ठेवावी आणि पाहुण्यांसमोर मुलाची परीक्षा घेण्याचे काही महिने तरी टाळावे.